व्हिटॅमिन डी ६०के : पुडी, कॅप्सूल, शॉट, गमी आणि फुकटचं ऊन, मेडिकलच्या काउंटरमागून रिव्ह्यू

मिरजेत आमचं मेडिकल आहे, सासऱ्यांनी काढलेलं, आता बहुतेक वेळ काउंटरला मीच असते. मिरजेत गल्लीला दोन दवाखाने आणि दवाखान्याला दोन मेडिकल, त्यामुळे गिऱ्हाइकाचा तोटा नाही आणि कॉम्पिटिशनचाही नाही. हल्ली ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या मागोमाग काय खपत असेल तर ती "आठवड्याची गोळी", म्हणजे व्हिटॅमिन डी थ्री साठ हजारवाली. गुडघे दुखतात, द्या डी थ्री. केस गळतात, द्या डी थ्री. पोरगं अभ्यासाला बसत नाही, त्यालापण डी थ्री देऊ का म्हणून एका वहिनींनी विचारलं होतं. लोक नावानिशी मागतात, किमतीवरून घासाघीस करतात, पण कुठली कशी घ्यायची आणि कोर्स संपल्यावर काय करायचं हे कोणी विचारत नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. कुठल्या कंपनीने पैसे दिलेले नाहीत, एमआर लोक (कंपन्यांचे विक्रीवाले) पेन आणि कॅलेंडर देतात तेवढंच, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं तर माझ्याच धंद्याला मारक आहे.

आधी पुडी, कारण माझी आवडती तीच. एका ग्रॅमची पुडी, आत बारीक साखरेसारखे दाणे, त्यात ६०,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी थ्रीच. कॅल्सिरॉल हे त्यातलं जुनं नाव, चिठ्ठीवर दुसरी कंपनी असली तरी जुने पेशंट "ताई ती कॅल्सिरॉलच द्या की" म्हणतात, बाकीही पुष्कळ कंपन्या आहेत आणि आत औषध तेच. आता ही घेतात कशी बघा, लोक उकळतं दूध कपभर घेतात, वरून पुडी झटकतात, दाणे वर तरंगतात, कपाच्या काठाला चिकटून बसतात आणि मग घाईत अर्धं औषध कप विसळताना बेसिनमध्ये जातं. त्यापेक्षा कपात आधी चमचाभर कोमट दूध घ्यायचं, त्यात पुडी कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग बाकीचं दूध ओतायचं, आणि पिऊन झाल्यावर परत घोटभर दूध घालून कप गोल फिरवून तेही प्यायचं, एवढंच. चव गोडसर आहे, कोणी तोंड वाकडं करत नाही. साय काढून काढून पाणी केलेल्या दुधात मात्र घेऊ नका, हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारं आहे, पोटात थोडं स्निग्ध असलं तर नीट अंगी लागतं. म्हणून मी सांगते की दिवसातलं सगळ्यात जड जेवण जे असेल त्यानंतर घ्या. आमच्याकडे रविवारी मटण असतंच घरोघरी, त्यामुळे रविवारची पुडी हे आपोआपच जमून गेलंय. शाकाहारी असाल तर वरण-भातावर तूप घ्या सढळ हाताने, काही बिघडत नाही.

पुडीला माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो पॅकिंगसाठी, आणि त्यावर मला जरा सविस्तरच बोलायचंय, कारण माझी खरी तक्रार तीच आहे.

६०,००० आययू हा आठवड्याचा डोस आहे. रोजची गरज आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६०० आययू धरलीय, त्याआधी ४०० धरायचे. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांची गरज आहे, आणि ज्याची पातळी खाली गेलीय त्याची भरून काढायला डॉक्टर आठवड्याला एक असं साधारण ८ आठवडे देतात. हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण कसं? "ओ डब्ल्यू" म्हणजे आठवड्यातून एकदा आणि "ओ डी" म्हणजे रोज एकदा, आणि डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. स्ट्रिपवर इंग्रजीत, मुंगी वाचेल एवढ्या टायपात कायतरी छापलेलं असतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या आजी-आजोबांना मराठी किंवा कन्नड वाचता येतं, इंग्रजी नाही. बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, बीपीची रोज, शुगरची रोज, थायरॉईडची रोज, मग ही एक त्यांच्याच डब्यात पडली की ती पण रोजच जाते पोटात.

मागे एक आजी आल्या, चिठ्ठी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांची, आमच्याकडे पहिल्यांदाच. म्हणाल्या, "ती लाल गोळी संपली बाई, अजून एक पाकीट दे." मी विचारलं, "आजी, ही कधी आणली होती?" तर म्हणे, "गेल्या बाजाराला की." आमचा बाजार आठवड्याचा. म्हणजे ८ कॅप्सूल एका आठवड्यात आत. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, उलटी-बिलटी होत्येय का, तहान जास्त लागत्येय का, पोट साफ होतंय का विचारलं, तसं काही नव्हतं, मग मुलाला फोन लावला आणि डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं. एवढ्याने लगेच माणूस आडवा पडतो असं नाही, पण हे "क" जीवनसत्त्वासारखं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं, आणि जास्तीचं झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, म्हातारी माणसं असंबद्ध बोलायला लागतात, किडनीवर परिणाम. अशा केसेस जास्त करून होतात त्या ६ लाखाच्या इंजेक्शनने, गुडघेदुखीवर हा डॉक्टर एक देतो, महिन्याने तो डॉक्टर एक देतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. इंजेक्शन आधीच तेलाचं, सुई जाड, दुखते पण खूप, आणि तोंडावाटे औषध चाललं असतं तर बहुतेकांना त्याची गरजच नसते. इंजेक्शनला मी मार्क देत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं काम आहे, तुम्ही आपणहून "एकदाच काय ते टोचून टाका" म्हणू नका.

तर आम्ही दुकानात आता काय करतो, प्रत्येक कॅप्सूलच्या मागे मार्करने "रवि" लिहितो, आणि पुडी असेल तर पुडीवर तारीख. सासरे म्हणतात एवढा वेळ कुठं आहे, पण लिहितो. माझं म्हणणं एवढंच की गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटावर वार छापता येतात, तर ८ कॅप्सूलच्या पाकिटावर आठ आठवडे छापायला कंपन्यांना काय धाड भरलीय? अर्धा मार्क तिथं गेला.

कॅप्सूल. सॉफ्टजेल, लाल-तपकिरी, गिळायला सोपी, प्रवासात बरी, एकीला साधारण ३०-४० रुपये पडतात, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. जनऔषधी केंद्रात तेच औषध याच्याहून बरंच स्वस्तात मिळतं आणि काम तेच करतं, हे मी माझ्याच दुकानाच्या विरोधात सांगत्येय. कॅप्सूलला ४ मार्क. एक गोष्ट मात्र आमच्या भागात सारखी निघते ती शाकाहाराची. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात जैन आणि लिंगायत घरं भरपूर, आणि सॉफ्टजेलचं वरचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याचं. मग ते पुडी किंवा चघळायची गोळी मागतात. पण आतलं डी थ्रीसुद्धा बहुतेक करून मेंढीच्या लोकरीतून काढलेल्या मेणचट पदार्थापासून बनतं, लॅनोलिन म्हणतात त्याला. मेंढी मारत नाहीत, लोकर कातरतात, तेव्हा काही जणांना चालतं आणि काही जणांना नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण विचारल्यावर खोटं सांगू नये म्हणून मी सांगते. पूर्ण वनस्पतीजन्य हवं असेल तर लायकेनपासून केलेलं डी थ्री मिळतं, लायकेन म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्यातलं आहे तो वर्ग, महाग असतं आणि मागवायला लागतं. (लगेच मसाल्यात दगडफूल दुप्पट घालू नका, भाजी कडू होईल फक्त.) किंवा मग डी टू, ते बुरशीवर्गातून काढतात, डी थ्रीच्या मानाने ते रक्तात टिकायला थोडं कमी पडतं.

शॉट म्हणजे ती ५ मिलीची छोटी बाटली, "नॅनो" लिहिलेली. चव भारी, पोरं बाटली चाटून पुसून पितात, दूध नको, जेवण नको, झाकण फोडा आणि प्या. ज्यांचं पोटाचं दुखणं आहे, जुलाबाचा जुना आजार आहे, चरबी पचत नाही, अशांना डॉक्टर मुद्दाम हेच लिहितात आणि तिथं ते बरोबरच आहे. पण धडधाकट माणसाने कॅप्सूलच्या दुप्पट पैसे देऊन हे का घ्यायचं मला कळत नाही, त्यांना मी पुडी पुढे करते आणि एमआर माझ्याकडे रागाने बघतो. साडेतीन.

गमीला दीड. हो दीडच. बाटली देखणी, आत जेलीसारख्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या, इन्स्टावर बघून मुली मागायला येतात, आणि मागची लेबलं वाचली तर बऱ्याच गमीत ४००-६०० आययू आणि बरोबर साखर. ज्याला कमतरता नाहीये आणि फक्त राखायचंय त्याला हरकत नाही, पण ज्याचा रिपोर्ट ९ आलाय (२० च्या खाली म्हणजे कमतरता) त्याने गमी चघळत बसण्यात अर्थ नाही. शिवाय घरात लहान पोर असेल तर बाटली वर ठेवा, त्यांना ते चॉकलेटच वाटतं.

कॅल्शियमच्या गोळीबद्दल पण सांगून टाकते कारण यात गल्लत फार होते. "मी शेल्कल घेते ना, मग डी कशाला" असं बायका म्हणतात. शेल्कल ५०० मध्ये कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम आणि डी थ्री २५० आययू आहे. म्हणजे रोजच्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी. वाईट नाही, पण कमतरता भरून काढायला ती गोळी बनलेलीच नाही. उलटं पण खरं, कॅल्शियम पोटातून रक्तात ओढून घ्यायला डी लागतं, ते नसेल तर कॅल्शियम नुसतं खाल्ल्याने हाडाला पोचत नाही नीट.

आता बाळांचे ड्रॉप्स, इथं मी मार्क नाही देणार, इथं फक्त हात जोडून सांगणार. आईच्या दुधात बाकी जवळजवळ सगळं असतं पण डी फार थोडं असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मल्यापासून वर्षभर रोज ४०० आययू द्यायला सांगतात. हे नाही मिळालं आणि फारच कमी पडलं तर मुडदूस होतो, पाय वाकतात, मनगटं जाड होतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात. हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता, अजूनही मिरजेच्या ओपीडीत ही पोरं दिसतात. आता मेख अशी की बाजारात ४०० आययू प्रति मिली आणि ८०० आययू प्रति मिली अशी दोन्ही ड्रॉप्स आहेत, डबे सारखेच दिसतात. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावला किंवा चिठ्ठीवर नुसतं "१ मिली" आणि दुकानदाराने दुसऱ्या ताकदीची बाटली दिली की डोस दुप्पट. तेव्हा मिली बघू नका, आययू बघा, आणि डॉक्टरांना विचारा "माझ्या बाळाला किती आययू". आणि आज्यांना राग येईल, पण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात तेल लावून बाळ ठेवलं म्हणजे डी मिळालं असं होत नाही. तेल लावणं चांगलं, ऊब चांगली, आजीचं बोलणं तर त्याहून चांगलं, ड्रॉप्स चुकवू नका म्हणजे झालं.

कोवळ्या उन्हाचा विषय निघालाच आहे तर फुकटच्या प्रॉडक्टकडे वळते. ऊन. यावर लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज आहे आणि सगळ्यात जास्त विश्वासही. "आपल्याकडे कमी कसं काय पडेल हो, एवढं ऊन असतं" हे वाक्य मी रोज ऐकते. त्वचेत डी बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, आणि सूर्य तिरका असताना ते किरण हवेतच अडतात. सकाळी सहाला फिरायला जाणारे काका, तुमच्या हार्टला छान, डी साठी जवळपास शून्य. सोपी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड पडली पाहिजे, म्हणजे साधारण ११ ते २. काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे बाल्कनीला स्लायडिंग लावून आत खुर्ची टाकून बसलात तर नुसता घाम येईल. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि कपडे. आमच्याकडच्या मुली गाडीवर निघाल्या की डोळे सोडून काही दिसत नाही, स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, वरून हेल्मेट. धूळ आणि काळवंडणं यापायी करतात, मी पण करायचे, पण मग ऊन जाणार कुठून?

पूर्वी हे आपोआप व्हायचं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे, भर दुपारी वाळवण राखत बसायचं, बाह्या वर, पदर खोचलेला. आता कुरडई डीमार्टमधून येते. दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास छापला होता, त्यात उन्हात राबणाऱ्या सैनिकांची पातळी बऱ्यापैकी निघाली आणि दिवसभर आत काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसची कमी. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्यांचीच बोंब. २०१८ मध्ये एफएसएसएआयने (सरकारचं अन्नसुरक्षा खातं) "प्रोजेक्ट धूप" काढलं, दिल्लीतल्या शाळांनी सकाळची प्रार्थना ११ ते १ च्या दरम्यान घ्यावी म्हणून. आपल्याकडे शाळांनी असं केलं तर पालक दुसऱ्या दिवशी मोर्चा आणतील, पण कल्पना वाईट नव्हती, निदान हिवाळ्यात तरी.

मी काय करते, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम मी ओढून घेतलंय. हात कोपराच्या वर उघडे, पाय गुडघ्याखाली उघडे, तोंडाला सनस्क्रीन, डोक्यावर टोपी, पंधरा-वीस मिनिटं आणि खाली. मे महिन्यात याच्यापेक्षा कमी, मे महिन्यातलं मिरजेचं ऊन म्हणजे चेष्टा नाही, आणि पावसाळ्यात तर चार चार दिवस सूर्यच दिसत नाही. ज्यांना उन्हाची ॲलर्जी आहे, ल्यूपस आहे, किंवा उन्हाने चट्टे येतात अशी औषधं चालू आहेत त्यांनी हे करू नये. ऊन ५ पैकी ४, फुकट आहे, ओव्हरडोस होत नाही (कातडीच जास्तीचं बनणं थांबवते), पण नोकरी करणाऱ्या बाईने ११ ते २ मध्ये गच्ची कुठून आणायची याचं उत्तर त्यात नाही.

फोर्टिफाइड दूध आणि तेल. पिशवीवर निळ्या चौकोनात प्लस एफ असं चिन्ह असतं ते बघा. नियमाप्रमाणे अशा दुधात लिटरला २०० ते ३०० आययू डी घालायचं असतं. म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात ४० ते ६०. हिशोब घाला, ६०० गाठायला दहा-पंधरा पेले लागतील, कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान सोडला तर कोण पिणार? तेलात ग्रॅमला साडेचार ते साडेसहा आययूच्या आसपास, म्हणजे दिवसाला चार चमचे तेल पोटात गेलं तर शंभरेक आययू, तळणीत काही जातं ते वेगळं. तरी घ्या, जादा पैसे पडत नाहीत, थेंबे थेंबे का होईना पोटात जातंय. गवळ्याच्या दुधात हे काही घातलेलं नसतं, म्हैस कितीही उन्हात फिरली तरी. अंड्याच्या बलकात थोडं असतं, बांगडा-तारली खाणाऱ्यांना बरं मिळतं, पण मिरजेत रोज ताजा बांगडा कोण देतोय.

आता टेस्ट. हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे असं माझं मत झालंय, आणि मी लॅबवाल्यांशी भांडायला तयार आहे. टेस्टचं नाव २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. एकटी केली तर बऱ्याच ठिकाणी ८ आठवड्यांच्या कोर्सपेक्षा महाग पडते. म्हणून मग पॅकेज. घरी येऊन रक्त घेणार, सत्तर-ऐंशी तपासण्या, ॲपवर रिपोर्ट, त्यात डी आणि बी ट्वेल्व्ह हमखास लाल. रिपोर्ट आल्याबरोबर फोन येतो, "मॅडम तुमचं डी क्रिटिकल आहे, आमचे डाएटिशियन बोलतील", आणि पुढचं पॅकेज. आमच्या ओळखीतले एक सर असाच रिपोर्ट घेऊन आले, घाबरलेले, आकडा होता २६. मी म्हटलं सर बसा, चहा घ्या. २० च्या खाली कमतरता, २० ते ३० थोडं कमी, ३० च्या वर पुरेसं, ही विभागणी अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०११ मध्ये दिली होती आणि आपल्या लॅब अजून तीच छापतात. त्याच सोसायटीने २०२४ मध्ये हे आकडे मागे घेतले आणि धडधाकट माणसांनी उगाच ही टेस्ट करत बसू नये असं सांगितलं. शिवाय एका लॅबचं मशीन आणि दुसऱ्याचं मशीन यात फरक येतो, २६ चे दुसरीकडे २२ किंवा ३१ येऊ शकतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही मशीनवर रिपोर्ट खोटाच येतो, दोन-तीन दिवस आधी बंद करून मग रक्त द्या.

मग टेस्ट कोणी करावी? हाडं-स्नायू खरंच दुखतायत, जिना चढताना मांड्या भरून येतात, खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, किरकोळ पडल्यावर हाड मोडलं, फिट्सच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत, किडनी-लिव्हरचा आजार, आतड्याचं ऑपरेशन झालंय, अशांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून करावी. आणि कोर्सनंतर लगेच पुढच्या आठवड्यात परत टेस्ट करू नका, तीन महिन्यांनी करा, तेव्हा कुठे आकडा स्थिर झालेला असतो. पॅकेजला मार्क २, ते पण रक्त काढणाऱ्या पोराचा हात हलका होता म्हणून.

परदेशातले रिपोर्ट घेऊन पण लोक येतात. मुलगी लंडनला, तिचा आकडा ४५, "आमच्या मुलीचं भारी आहे बघा". तिथं एकक वेगळं असतं, अडीचने भागायचं, ४५ चे १८ होतात. तिथं ऑक्टोबर ते मार्च उन्हातून डी मिळतच नाही, म्हणून तिथलं सरकारच सगळ्यांना थंडीत रोज ४०० आययू घ्यायला सांगतं. आई-वडील इकडून लोणच्याबरोबर ६०के च्या स्ट्रिपा भरून नेतात बॅगेत, चिठ्ठी बरोबर ठेवा आणि पोरांना नीट सांगा की ही रोजची नव्हे, तिथल्या रोजच्या गोळीबरोबर तर दोन्ही नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोर्स संपल्यावर. ८ पुड्या झाल्या, आकडा वर आला, माणूस खूश, आणि मग वर्षभर काहीच नाही. पुढच्या वर्षी परत तोच, परत १२, परत कोर्स. हे आम्हाला परवडतं, तुम्हाला नाही. उन्हात जाणं होत नसेल तर डॉक्टर पुढे महिन्याला एक ६०के किंवा रोज १०००-२००० आययूची छोटी गोळी सांगतात, ती विचारून घ्या, चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि उलट टोकाचे पण आहेत, आकडा ५५ आणि तरी "ताकदीसाठी" दर रविवारी पुडी चालूच. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं रोज २००० आययू किंवा नुसती औषध नसलेली गोळी देऊन बघितलं, २०२२ मध्ये निकाल छापला, ज्यांची पातळी आधीच बरी होती त्यांची हाडं मोडायचं प्रमाण काही कमी झालं नाही. म्हणजे खड्डा भरायला उत्तम, खड्डा नसताना वर ढीग करून उपयोग नाही. थकवा येतो त्याची कारणं शंभर असतात, हिमोग्लोबिन बघा, थायरॉईड बघा, झोप बघा.

आणि ज्यांना मुतखडा झालाय, कॅल्शियम आधीच जास्त आहे, टीबी चालू आहे, बीपीसाठी लघवी वाढवणारी पाण्याची गोळी चालू आहे, हार्टसाठी डिगॉक्सिन चालू आहे, त्यांनी शेजारणीची उरलेली स्ट्रिप उचलून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, मी काउंटरवरून देणार नाही.

घेताना दोन गोष्टी बघा फक्त. एक, ४ च्या स्ट्रिपमध्ये आणि ८ च्या स्ट्रिपमध्ये एका कॅप्सूलला किती पडतं ते भागून बघा, मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. दुसरं, सुटी कापून घेतली तर एक्स्पायरी आणि बॅच नंबरचा तुकडा दुकानातच राहतो, तेव्हा कापायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या, आणि दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा, मिरजेत असाल तर ते शेजारीच असतं.